हाक

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दिपकनं आपला मोबाईल अभिमन्यूच्या डब्याच्या झाकणाला टेकवून उभा केला आणि म्हणाला, "साहेब, तुमी तर लई फेमस झालात की." अभिमन्यूनं तोंडाशी नेलेला घास खाली घेतला. पडद्यावर हिप्परगा तलावाच्या काठावरची उतरती वाट होती, त्याची स्वतःची पांढरी गाडी होती, आणि त्या सगळ्यावर सर्कशीत विदूषक आला की वाजतं तसलं पोंपों संगीत कुणीतरी चढवलेलं होतं. टॉवेलच्या कारखान्यातलं डिस्पॅचचं ऑफिस ते. चार टेबलं, चार डबे, पण बघायला गोडाऊनमधलीही माणसं आली. चाळीस सेकंदांचा तर मामला. गाडी चढावर अडकलीय. मागं धोतर खोचून, हातात दगड घेऊन त्याचे सासरे उभे आहेत, चाकाला टेकण लावायला. बाजूला डब्यांची पिशवी सांभाळत सासूबाई. सासरे वाकतात, सासूबाई ओरडतात, आणि गाडी पुढं जायची सोडून मागं येते. सासरे दगड टाकून उडी मारतात ते थेट चिखलात फतकल मारून बसतात. गाडी त्यांच्या शेजारून मोठ्या ऐटीत जाते आणि पाण्यात उभी राहते, डिकी आपली आपण उघडते, आणि कडक भाकऱ्या एकामागं एक पाण्यावर तरंगत निघतात. सासूबाई भाकऱ्यांकडं धावावं की नवऱ्याकडं या विचारात घसरतात, त्यांची एक चप्पल वर उडते. सगळं झाल्यावर जावई दार उघडतो, जबाबदार माणसासारखं एक पाऊल बाहेर टाकतो आणि गाळात तोंडावर पडतो. ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. अभिमन्यूही हसला. अकरा महिने तो या गोष्टीवर हसत आला होता, आणि आता त्याला ते जमायलाही लागलं होतं.

"कॉमेंटी वाचा, कॉमेंटी," दिपक डोळे पुसत म्हणाला, "खरी मजा तितं हाय." अभिमन्यूनं अंगठ्यानं वर सरकवलं. हसणारी तोंडं, भाकरीवर विनोद, जावई हा दहावा ग्रह का म्हणतात ते आज कळलं वगैरे. मग एका अनोळखी माणसानं लिहिलेली एक ओळ आली. "जावयाला कन्नड येतंय की. आरशात बघा त्याचं तोंड." खाली आकडा होता, चौदा. चौदा जणांना ते पटलं होतं. अभिमन्यूनं मोबाईल परत दिला, डबा बंद केला, आणि नळावर हात धुवायला गेला. पाणी बराच वेळ हातांवरून जात राहिलं.

आता हे कन्नडचं प्रकरण समजून घ्यायला हवं, नाहीतर एवढ्याशा ओळीनं माणसानं डबा का बंद करावा ते कळणार नाही. अभिमन्यू बार्शीचा. वडील तिथल्या धान्यबाजारात तोलार. घरात मराठी, तीही ठसक्याची. लग्न झालं सोलापूरच्या शिवलीलाशी. तिच्या वडिलांचं, गुरुसिद्धप्पांचं, बाळीवेशीत भांड्यांचं दुकान. आई नीलम्मा अक्कलकोटकडची. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि दोन्हींच्या मधला उंबरठा ही माणसं दिवसातून शंभर वेळा ओलांडत असतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. कन्नडमध्ये 'हाक' म्हणजे घाल, वाढ, लाव. भात वाढायचा तरी हाक, कुलूप लावायचं तरी हाक, आणि गाडीला ब्रेक लावायचा तरी हाकच. मराठीत गाडी हाक म्हटलं तर माणूस काय करील? त्या दिवशी नवरा चाकामागं वाकलेला बघून नीलम्मांच्या काळजाचं पाणी झालं आणि त्या आपल्या भाषेत ओरडल्या. जावई बिचारा मराठी. त्याला वाटलं, गाडी हाक म्हणतायत. त्यानं ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेला, आणि पाय इकडून तिकडं जाईपर्यंत गाडी मागं सुटली. एरवी नीलम्मा त्याला अहोजाहो करायच्या. त्यांनी भान ठेवून 'हाक्री' म्हटलं असतं तरी एवढा घोळ झाला नसता. पण भीतीत मान राहत नाही. हे सगळं त्याच दिवशी, चिखलानं माखलेले असताना, काठावर बसून गुरुसिद्धप्पांनीच उलगडून सांगितलं होतं. हसत हसत. जावयाला एका शब्दानंही बोल लावला नव्हता. पुढं लग्नाकार्यांत, बारशांत, दुकानात बसल्या बसल्या ते ही गोष्ट सांगत आले, आणि दर वेळी शेवटी अभिमन्यूच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "नाव बघा, अभिमन्यू. तो आईच्या पोटात ऐकून शिकला, हे अकरा वर्षं आमच्या घरात जेवून शिकंनात."

हीच ती थाप. ती पाठीवर पडली की अभिमन्यूला आतून आकसल्यासारखं होई. कारण त्याला कन्नड येत होतं. बोलायला नव्हे, बोलायचा त्यानं कधी प्रयत्नच केला नाही. पण ऐकलं की कळायचं, अगदी बारकाव्यानिशी. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, शनिवारी सासरी जेवायला बसलेला असताना, ताटासमोर मान खाली घालून बसल्या बसल्या ते त्याच्या कानांत साचत गेलं. आधी साकु, म्हणजे पुरे. मग नीर, पाणी. मग हाक. हो, हाक तर पहिल्याच आठवड्यात. अन्ना हाक म्हणजे भात वाढ, सार हाक, आणखी थोडं हाक. एका जेवणात वीसदा. आणि हेच त्याला अकरा महिने पोखरत होतं. ज्या माणसाच्या ताटात दर शनिवारी 'हाक' म्हणून भात पडतो, त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही, हे या घरातल्या एकाही शहाण्याला खटकलं कसं नाही? नीलम्मा पळी घेऊन उभ्या राहिल्या की तो मनातल्या मनात थांबायचा. आता त्यांच्या ध्यानात येईल. आता पळी तशीच धरून त्या आपल्याकडं बघतील. पण पळी खाली यायची, भात पडायचा, आणि तो मान खाली घालून जेवायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मात्र आपण चोर आहोत का, हे काही त्याला कळत नव्हतं.

येतं म्हणून सांगून का टाकलं नाही? सांगणारच होता. त्या पहिल्याच वर्षी, एकदा साखरेशिवाय चहा आला तेव्हा, कन्नडमध्ये साखर मागून सगळ्यांना चकित करायचं त्यानं ठरवलं होतं, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण त्याच्या आधी गुरुसिद्धप्पा बायकोला काहीतरी म्हणाले. अभिमन्यूनं नुकतीच दुसरी नोकरी सोडली होती, त्याबद्दल विषय होता. ते चिडून बोलले नाहीत, शिवी दिली नाही. पंखा हळू कर म्हणावं तसं सहज म्हणाले, "इवन कैले एनू आगंगिल्ल." याच्या हातून काही व्हायचं नाही. आणि लगेच अभिमन्यूकडं वळून मराठीत, "घ्या की जावईबापू, लाजू नका." त्यानं चहा घेतला. साखर मागितली नाही. मग पुढं सांगायची वेळ कधी आलीच नाही. जितके दिवस जात गेले तितकं ते सांगणं अवघड होत गेलं, कारण आता सांगायचं म्हणजे इतके दिवस ऐकलेलं सगळं परत त्यांच्यापुढं ठेवायचं. आणि खरं सांगायचं तर त्यात एक सुखही होतं. ते सुख घाणेरडं होतं हे त्याला कळायचं. समोरच्याला वाटतं आपण भिंतीआड आहोत, आणि भिंत तर काचेची. ते वाक्य त्यानं पुढं अकरा वर्षांत अनेकदा ऐकलं. मोटारसायकल बंद पडली तेव्हा, फ्लॅटचा ताबा लांबला तेव्हा. दर वेळी तेवढंच सहज. रागही तसाच सहज, थोडा थोडा साठत गेला. दर शनिवारी थोडा.

दुपारी डिस्पॅचच्या याद्या तपासताना त्यानं आपल्या मोबाईलवर तो व्हिडिओ उघडला. संगीत नको म्हणून आवाज बंद केला. तर जेवताना गर्दीत न दिसलेली मराठी अक्षरं खाली दिसायला लागली. काव्यानं घातलेली, त्याची मेव्हणी, पुण्याला शिकणारी, तिनंच तेव्हा हसत हसत हे शूटिंग केलं होतं आणि आता मराठी मैत्रिणींना कळावं म्हणून कन्नड बोलण्याचा अर्थ खाली लिहून दिला होता. पोरीच्या मनात पाप नाही. गुरुसिद्धप्पा दगड उचलतात, कॅमेऱ्याकडं बघून डोळे मिचकावतात, आणि खाली अक्षरं येतात, 'याच्या हातून काही व्हायचं नाही.' काव्या उजव्या बाजूला, थोडी मागं उभी होती. त्यामुळं गाडीचा उजवा आरसा चित्रात येतो, आणि आरशात अभिमन्यूचं तोंड. अंगठ्याच्या नखाएवढं. अक्षरं येण्याआधी ते तोंड साधं आहे, घामेजलेलं, गाडी अडकल्यावर कुणाचंही असेल तसं. अक्षरं येतात आणि ते तोंड बंद होतं. दुसरा शब्द नाही त्याला. दुकानाचं शटर ओढावं तसं बंद होतं. मग सासरे वाकतात. मग सासूबाईंचं तोंड उघडतं, आणि गाडी मागं येते. अभिमन्यूनं ते सहा वेळा बघितलं. कॉमेंटखालचा आकडा आता एकसष्ट झाला होता.

त्या दोन क्षणांच्या मधे काय होतं? अकरा महिने तो तिथं जायचा आणि परत यायचा. पावसाळा संपलेला, काठाची माती वरून वाळलेली आणि आतून लोण्यासारखी. स्टेअरिंग तापलेलं. गाडीत शेंगाच्या चटणीचा वास. आरशात पांढरं धोतर वाकताना दिसलं, हे त्याला आठवत होतं. म्हणजे मागं माणूस आहे हे त्याला माहीत होतं. मग हाक आली. सगळ्यांच्या सांगण्यात नीलम्मा नुसतं "हाक, हाक" ओरडल्या. पण त्याच्या कानात त्याच्या आधी आणखी काहीतरी होतं. एक तुटका आवाज. 'ब्रे' असं काहीतरी, अर्धवट. ते त्या दिवशी ऐकलं, की नंतर रात्रीबेरात्री जागं होऊन आठवताना कानानंच ते तिथं आणून ठेवलं? ब्रेक ऐकलं असेल तर मराठी काय, कन्नड काय, पाय हलायचं कारणच नव्हतं. पाय तर हलला. तो अडखळला नाही, घाबरला नाही. उचलला गेला, दुसरीकडं ठेवला गेला. तो पाय कुणी हलवला? जावयानं, की त्या बंद झालेल्या तोंडानं? गाडी गुरुसिद्धप्पांच्या कानाजवळून, वीतभर अंतरानं गेली होती. वीतभर इकडं असती तर या व्हिडिओवर संगीत चढवायचं कुणाला सुचलं नसतं.  पलीकडच्या टेबलावरून दिपक म्हणाला, "साहेब, मोडनिंबच्या पार्टीचा माल आज जातोय ना?" त्यानं हो म्हटलं आणि सही केली.

शनिवार होता. शिवलीला दुपारीच माहेरी गेलेली. तो साडेसहाला निघाला, आणि स्कूटर बाळीवेशीकडं जाण्याऐवजी सात रस्ता चौकातून उगाच दोनदा फिरली. घरी जावं, ताप आला म्हणावं. पण ताप आला म्हटलं तर शिवलीला मागोमाग येईल, आणि मग तिच्यासमोर एकट्यानं बसावं लागेल. तिला काय माहीत होतं? लग्नाआधी तिनं एकदा विचारलं होतं, "शिकाल ना कन्नड?" आणि तो म्हणाला होता, "शिकवशील की तू." तिनं नंतर कधी शिकवलं नाही. तिला वाटलं असेल याला नको आहे. ती माणसाला टोचून विचारणारी नव्हे. तिच्याजवळ बसलं की बरं वाटायचं, कारण तिच्यात कोपरे नव्हते. त्याच्यात होते. दुकानासमोर स्कूटर लावताना त्यानं मोबाईल बघितला. एकशे चाळीस. आता त्या ओळीखाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, "मुद्दाम केलं वाटतं जावयानं," आणि पुढं हसून लोळणारी तोंडं.

वर सज्जात गुरुसिद्धप्पा आरामखुर्चीत बसले होते. चष्मा कपाळावर, मोबाईल मांडीवर पालथा. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता, मायलेकी कन्नडमध्ये काहीतरी बोलत होत्या, मीठ जास्त झालं की कमी यावर. "या जावईबापू, बसा," ते म्हणाले. तो समोरच्या स्टुलावर बसला. "काव्यानं पाठवलंय. आठ हजार लोकांनी बघितलं म्हणे. आमची बसकण आठ हजार लोकांनी बघितली." एरवी या वाक्यावर ते स्वतःच पोट धरून हसले असते.

"लोक काय, बघतात," अभिमन्यू म्हणाला.

"लिहितातबी."

"व्हय. वाचलं मी."

"मीबी वाचलं." गुरुसिद्धप्पांनी मोबाईल उलटा केला, पुन्हा पालथा घातला. "लिहिणारा कोण, कुठला, मला ठाऊक नाही. त्याचं आपल्याशी वाकडं नाही. म्हणून तो खोटं कशाला लिहील, असं मला वाटतंय." ते सावकाश बोलत होते, गिऱ्हाइकाला भांड्याचा पत्रा समजावून सांगावा तसे. "तुम्हाला कन्नड येतं का, हे मी विचारणार नाही. ते मला कळायला पाहिजे होतं. माणूस भांडं कसं हातात घेतो यावरून तो घेणार का नाही ते मी सांगतो, पन्नास वर्षं झाली. घरातला माणूस नाही ओळखता आला. आणि मी जे बोलत होतो ते बोलायला नको होतं. तेबी माझंच चुकलं. त्याची मला लाज वाटते."

 अकरा वर्षं अभिमन्यूनं या क्षणाची वाट बघितली होती, या माणसाला लाज वाटावी म्हणून. आता ती वाटत होती, आणि त्याला फक्त भीती वाटत होती.

"एकच विचारतो," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "खरं सांगा. खोटं सांगितलंत तरी मी पुढं काही बोलणार नाही, पण खरं सांगा. नीलम्मा आधी ब्रेक म्हणाली होती. मी तिला विचारलं आज. ब्रेक हाक, म्हणाली होती. तुम्हाला ब्रेक ऐकू आलं होतं का?"

खाली रस्त्यावरून एक टमटम हॉर्न वाजवत गेली. 'नाही मामा' हे उत्तर अकरा महिने घासूनपुसून तयार होतं. 'हो' हे दुसरं उत्तर कुठंतरी खोल होतं, त्याला हात लावायची छाती नव्हती. त्यानं पुन्हा एकदा त्या तापलेल्या गाडीत जाऊन बघितलं. धोतर वाकताना दिसलं. हाक ऐकू आली. पाय उचलला. मधे काही नव्हतं. काळं होतं. तो प्रामाणिकपणे शोधत होता, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या प्रामाणिकपणे, आणि तिथं त्याला कुणीच सापडत नव्हतं.

"गोत्तिल्लरी," तो म्हणाला.

माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द त्यानं निवडला नव्हता. तो आपला आपण आला, अक्कलकोटकडच्या हेलासकट, नीलम्मांच्या तोंडचा असावा तसा. गुरुसिद्धप्पांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. रागानं नव्हे. चिखलात बसल्यावर त्यांनी असंच बघितलं होतं का, हे व्हिडिओत दिसत नाही. तिथं त्यांचं तोंड पलीकडं असतं. ते "हं" म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि बायकोला हाक मारून, स्वच्छ मराठीत, दुकानात बोलतात तशा मराठीत म्हणाले, "नीलम्मा, पानं घ्या. जावईबापूंना भूक लागली असेल."

 मग नीलम्मांचं हसू ऐकू आलं. "एनातरी निमग?" त्या म्हणाल्या. काय झालं तुम्हाला? चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं चुलीपाशी त्यांच्याशी मराठी बोललेलं नव्हतं.

"काही झालं नाही," गुरुसिद्धप्पा मराठीतच म्हणाले. "आजपासून या घरात जे बोलायचं ते मराठीत बोलायचं. चोरून बोलायला नको, चोरून ऐकायला नको."

नीलम्मांना ते कळलं नाही. त्या पुन्हा हसल्या, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं काहीसं पुटपुटल्या. पण शिवलीला दारात आली. हाताला पीठ होतं. तिनं वडिलांकडं बघितलंच नाही. सज्जातल्या स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं, आणि बघतच राहिली. अभिमन्यूला आधी वाटलं, ती आरशाचा, गाडीचा, त्या दिवसाचा विचार करतेय. मग त्याच्या लक्षात आलं, की तिचे डोळे त्याच्यावर असले तरी ती इथं नाही. ती मागं मागं चालली होती. अकरा वर्षं ती रोज संध्याकाळी आईशी फोनवर बोलत आली होती, कन्नडमध्ये, त्याच्यासमोर, भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत. तो पेपर वाचत बसलेला असायचा. ती एकेक संध्याकाळ उचलून बघत होती. कुठल्या संध्याकाळी काय बोललो. ती कुठवर पोचली ते त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिला थांबवता येत नव्हतं.

लग्नाचं चौथं वर्ष. लाइट गेलेली, मेणबत्ती लावून ती ओट्याशी उभी राहून, फोन खांद्याशी दाबून आईला सांगत होती: अम्मा, माणूस वाईट नाहीत, हात उचलत नाहीत, पितही नाहीत. पण मला यांची भीती वाटते. नुसते बसून राहतात. आत काय चाललंय ते कळत नाही. आणि तो तीन हातांवर बसून होता, एका हातात चहाचा कप, मांडीवर पेपर. त्यानं पान उलटलं होतं.

"ते पण?" शिवलीलानं मराठीत विचारलं.

तिनं कशाबद्दल ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. नाही म्हणता आलं असतं. माहीत नाही असं म्हणता आलं असतं. पण हे एक त्याला पक्कं माहीत होतं.

"व्हय," अभिमन्यू म्हणाला.

शिवलीलानं पदराला हात पुसले. मग ती आत वळली, ओट्याजवळ गेली, आणि आई मधे येईल अशी तिच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.